पाण्याकाठची मुलं आणि इंग्रजीचं व्याकरण

(कापणीच्या सणानिमित्त भरलेल्या मदतनीस मेळाव्यातील भाषण)



उजनीकाठच्या अभ्यासिकांसाठी तुम्ही जुने फोन दिलेत, नेटपॅकसाठी वर्गणी दिलीत. तेव्हापासून एक प्रश्न मला उपासनेनंतर चहाच्या वेळी हमखास विचारला जातो: "बाई, पोरं त्या फोनवर खरंच इंग्रजी शिकतात की नुसते व्हिडिओ बघतात?" खरं सांगायचं तर दोन्ही करतात. काय बघितल्यानं इंग्रजी येतं आणि काय बघितल्यानं येत नाही, ते आज सांगते.

आधी ही मुलं कोण, ते थोडं. उजनी धरण 1980 साली पुरं झालं. भीमेच्या पाण्याखाली करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतली कितीतरी गावं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना पुनर्वसनाचा काही ना काही कागद मिळाला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांचं सरकारी दप्तरात काही बुडालंच नाही. आपलं काम अशांच्या वस्त्यांवर आहे. गावाबाहेरच्या माळावर राहणारे पारधी आहेत. रायगडकडून उचल घेऊन मासेमारीच्या मजुरीवर आलेली कातकरी कुटुंबं आहेत. मुलं पहाटे बापाबरोबर जाळं ओढतात, चिलापी निवडून टोपल्यात भरतात, आणि शाळेत गेलीच तर हाताला वास घेऊन जातात. त्या वासावरून त्यांना कुठल्या बाकावर बसवलं जातं, ते तुम्ही ओळखाल.

इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांवर आणि ॲपवर लिहिलेलं असतं, 'दुसरी भाषा म्हणून इंग्रजी'. आमच्या पारधी मुलांच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. घरात ती पारधी बोलतात, जी गुजराती-भिल्ली वळणाची आहे. शाळेतली मराठी ही त्यांची दुसरी भाषा. सिनेमातून आणि मोबाईलवरून हिंदी येते, ती तिसरी. इंग्रजीचा नंबर चौथा. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे सहा वर्षांचं पोर मराठी नीट समजायच्या आत इंग्रजीच्या अक्षरांपुढे बसतं. 'नाम म्हणजे काय' हे मराठीतून सांगितलं तरी त्याला ते परक्या भाषेतूनच सांगितल्यासारखं असतं. मुलं मठ्ठ आहेत असं म्हणणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच विचारते, तुम्ही चार भाषा बोलता का?

आता एका मुलीचं सांगते. नाव सांगणार नाही, कारण तिची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. पारधी वस्तीवरची ही मुलगी बारावी झाली. घराण्यात बारावीपर्यंत पोचलेली पहिलीच. तिला नर्सिंगला, जीएनएमला जायचं आहे. जीएनएमला बारावीत इंग्रजी विषय असावा लागतो, तो तिचा होता, पासही झाली. एका ठिकाणी ती मुलाखतीला गेली. वसतिगृहात राहावं लागेल, रात्रपाळी करावी लागेल, चालेल का, असं इंग्रजीतून विचारलं. तिला प्रश्न समजला. ती म्हणाली, "आय ॲम अग्री." समोरच्यांपैकी एक जण हसला आणि शेजारच्याकडे बघून पुढचा प्रश्न मराठीत विचारला. तिच्या लक्षात आलं. त्यानंतर तिच्या तोंडून मराठीसुद्धा नीट निघालं नाही.

मी धर्मशिक्षणाचा डिप्लोमा केला तेव्हा शास्ते पुस्तकाचा बारावा अध्याय आम्हाला युद्धाचा इतिहास म्हणून शिकवला होता. गिलादी लोक यार्देनेच्या उतारांवर उभे राहिले. पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ते 'शिब्बोलेथ' म्हणायला लावत. ज्याच्या जिभेवर 'श' न येता 'स' आला, तो एफ्राईमचा ठरला आणि मारला गेला. बेचाळीस हजार गेले, एका अक्षरावरून. आता मी तो अध्याय वाचते तेव्हा मला भीमेचा काठ दिसतो. पलीकडे नोकरी आहे, दवाखाना आहे, वसतिगृह आहे, आणि उतारावर कोणीतरी उभा आहे, जो तुमचं 'ॲम' मोजतो. पारध्यांना असल्या उभ्या राहणाऱ्यांची सवय आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांच्यासारख्या कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट होतं. त्यातल्या एका वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता, हेही आपण विसरू नये. कायदा 1952 साली गेला. हजेरी घेणारी नजर मात्र अजून गेलेली नाही.

पण त्या 'आय ॲम अग्री'कडे परत येऊ, कारण व्याकरणाचा सगळा विषय त्यात आहे. ती मुलगी असं का म्हणाली? मराठीत आपण म्हणतो, 'मी सहमत आहे.' त्यात 'आहे' आहे. तिनं 'आहे'चं 'ॲम' केलं. यात अडाणीपणा कुठे आहे? तिनं एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे नेला. इंग्रजीत 'अग्री' हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला 'ॲम'चा टेकू लागत नाही, एवढं कोणी तिला एकदा सांगितलं असतं तर पुरे होतं. बारा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तिला वर्तमानकाळाचे चारही प्रकार व्याख्येसकट पाठ होते.

मोबाईलवरच्या बहुतेक फुकट व्हिडिओंचं हेच दुखणं आहे. फळ्यापुढे एक सर उभे असतात, बहुतेक हिंदी बोलणारे, आणि काळाचे बारा प्रकार एका तासात सूत्रांसारखे लिहून देतात. मुलं वहीत उतरवून घेतात. वही सुंदर दिसते, पालक खूश होतात. आणि दहा दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणारे तर विचारूच नका. त्यांचा पहिला धडा फुकट असतो, फोन नंबर घेतात, मग पैशासाठी रोज फोन येतात. एका वस्तीवरच्या बापानं मासळीचे पैसे अशा क्लासला भरले. मुलाला त्यातून चार व्हिडिओ मिळाले, जे यूट्यूबवर तसेही होते.

आमच्या अभ्यासिकेत आम्ही उलट बाजूनं सुरुवात केली, पाण्यापासून. मराठीत आपण पाण्यात, पाण्यावर, पाण्याखाली, पाण्याकडे, पाण्यातून असं म्हणतो. शब्दाच्या पाठीला शेपटी चिकटते. इंग्रजीत तीच शेपटी सुटी होऊन शब्दाच्या पुढे जाऊन उभी राहते: इन द वॉटर, अंडर द वॉटर, टुवर्ड्‌स द वॉटर. एवढं कळलं की मुलं हसायला लागतात. मग एक गंमत येते. मराठीत आपण 'होडी पाण्यात आहे' म्हणतो. इंग्रजीत तसंच 'इन द वॉटर' म्हणता येतं. पण होडी पाण्यावर तरंगतेय यावर भर द्यायचा तर 'ऑन द वॉटर' म्हणायचं. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. आमच्या मुलांना 'ऑन' आणि 'इन' यातला फरक दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी अडचण मासा पकडण्याची. 'मुलगा मासा पकडतो, मुलगी मासा पकडते.' इथे क्रियापद माणसाकडे बघतं. पण भूतकाळ आला की 'मुलानं मासा पकडला, मुलानं मासळी पकडली, मुलानं मासे पकडले.' आता क्रियापद मुलाकडे पाठ फिरवून माशाकडे बघायला लागलं! आपण जन्मापासून बोलतो म्हणून आपल्याला जाणवत नाही, पण हे केवढं अवघड आहे बघा, आणि आमची मुलं ते लीलया करतात. इंग्रजीत 'कॉट' एवढा एकच शब्द. मुलगा असो, मुलगी असो, मासा एक असो की शंभर. मी मुलांना सांगते, अवघड व्याकरण तुम्हाला आधीच येतं, हे त्याच्यापेक्षा सोपं आहे. फक्त वर्तमानात एकट्या 'ही', 'शी', 'इट'ला शेवटी एक 'एस' लावायचा, तो विसरायचा नाही. तरी विसरतात. मोठे साहेब लोकही विसरतात.

तिसरं, 'अ' आणि 'द'. मराठीत हे नाहीच. 'एक होडी आली. होडीत दोन माणसं होती.' पहिल्यांदा दिसली ती 'अ बोट', ओळख झाल्यावर 'द बोट'. नियम इतका साधा नाही, अपवाद भरपूर आहेत, पण गोष्ट सांगताना एवढ्यावर भागतं.

आता साधनं. गोष्टी आधी, व्याकरण नंतर, असं आमचं मत आहे. म्हणून पहिला नंबर स्टोरीवीव्हरचा. प्रथम बुक्सनं 2015 साली सुरू केलेलं हे संकेतस्थळ आहे. चित्रांच्या गोष्टी, फुकट, आणि तीच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मिळते. आम्ही आधी मराठी वाचतो, मग इंग्रजी, मग दोन्ही शेजारी ठेवून शब्द कुठून कुठे गेला ते बोटानं दाखवतो. उतरवून घेता येतात, छापताही येतात. वस्तीवर वीज नसते तेव्हा छापील कागदच चालतो.

दुसरं गूगलचं रीड अलाँग. ते 2019 मध्ये भारतात 'बोलो' नावानं आलं. मूल मोठ्यानं वाचतं, फोनमधली दिया ऐकते आणि चुकलं तिथे थांबवते. एकदा पुस्तकं उतरवून घेतली की नेटशिवायही वाचता येतं, म्हणून आमच्या कामाचं. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की दिया हसत नाही. ज्या मुलाला वर्गात तोंड उघडायची भीती वाटते, ते फोनपुढे न लाजता दहादा चुकतं.

पाठ्यपुस्तकांसाठी ई-बालभारती आहे. सगळ्या इयत्तांची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाची पुस्तकं पालावरच राहून जातात, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. दीक्षा ॲप 2017 पासून आहे. पुस्तकातल्या चौकोनी कोडवर फोन धरला की त्या धड्याचा व्हिडिओ निघतो. काही चांगले आहेत, काही फळ्याचीच नक्कल.

नीट, क्रमानं व्याकरण शिकायचं असेल, तर मोठ्या मुलांना मी ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिशवर पाठवते. पायऱ्या लावलेल्या आहेत, छोटा धडा आणि लगेच सराव. अडचण एकच, सगळं इंग्रजीतून. पायरी एकवर उभ्या असलेल्या मुलाला समजावून सांगायला शेजारी कोणीतरी मराठी लागतंच. बीबीसी लर्निंग इंग्लिश हे 1943 पासून चालत आलेलं काम आहे, आधी रेडिओवर, आता फोनवर. त्यांचे सहा मिनिटांचे संवाद बारावीच्या पुढच्या मुलांनी ऐकावेत. लहानांना ते झेपत नाहीत. उच्चारांचा एक धोकाही मला वाटतो. मुलं लंडनच्या उच्चारांमागे लागतात आणि बोलणं बंद करतात. मिरजेच्या दवाखान्यात रुग्णाशी बोलायला लंडनचा उच्चार लागत नाही.

ज्यांना शब्दांची गोडी आहे त्यांच्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. आपल्या बाबा पदमनजींनी त्याचा संक्षेप केला होता. आज बोलीत नसलेले शब्दही त्यात सापडतात, म्हणून मुलांनी परीक्षेसाठी तो वापरू नये. शिक्षकांनी जरूर वापरावा. अलीकडे मुलं फोनमधल्या एआयलाही वाक्य तपासायला सांगतात. मी अडवत नाही. फक्त माझा नियम असा की आधी स्वतः वहीत लिहायचं, मग विचारायचं, आणि दुरुस्ती का झाली ते मराठीतून मागायचं. उत्तर आलं तरी ते बाईंना दाखवायचं, कारण ते कधीकधी ठामपणे चुकीचं सांगतं.

ही सगळी साधनं फुकट म्हणतात, पण फुकट काही नसतं. फोन बापाचा असतो आणि बाप होडीत असतो. काठावरच्या काही वस्त्यांवर रेंजसाठी भरावावर चढून जावं लागतं, आणि मुलींना संध्याकाळी तिथे पाठवायला आई तयार नसते, तिचं बरोबर आहे. म्हणून आमचे कार्यकर्ते जेऊरला गेले की तिथून सगळं उतरवून आणतात आणि अभ्यासिकेत एका फोनवरून दुसऱ्यावर देतात. व्हिडिओच्या मध्ये येणाऱ्या जाहिराती हा आणखी एक त्रास. जुगाराच्या खेळांच्या असतात, त्याहून वाईटही असतात. उतरवून आणण्याचं हेही एक कारण.

आता एक नाजूक प्रश्न. काही दात्यांनी सुचवलं की पवित्र शास्त्र ॲपवर मराठी आणि इंग्रजी शेजारीशेजारी दिसतं, तेच वाचायला लावा, व्याकरणही होईल आणि वचनही पोचेल. सुचवणाऱ्यांची कळकळ मला समजते. पण आम्ही ते करत नाही. त्या आईबापांनी मुलं इंग्रजी शिकायला पाठवली आहेत. त्यांना सांगितलं एक आणि दिलं दुसरं, असं झालं तर ते पुन्हा पाठवणार नाहीत, आणि पाठवू नयेच. कोणी आपणहून विचारलं, बाई तुम्ही हे काम का करता, तर मी मोकळेपणानं सांगते. शिवाय जुन्या इंग्रजी भाषांतरातली 'दाऊ' आणि 'दी' शिकून गेलेली मुलगी मुलाखतीत काय बोलेल, याचाही विचार करा!

आपल्या पूर्वजांकडे बघितलं तर एक गोष्ट दिसते. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले, इथली भाषा शिकले, 1616 मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, आणि त्यांचं कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं. विल्यम कॅरींनी 1805 साली सेरामपूरहून मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा संस्कृतच्या विदुषी होत्या, पण इंग्रजी त्यांना तिथे वाँटेजच्या भगिनींकडे राहून शिकावं लागलं. पुढे पवित्र शास्त्राच्या भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावात, म्हणजे आपल्याच रेल्वेलाईनवर, भिगवणच्या अलीकडे. यातल्या प्रत्येकाजवळ पुस्तक होतं, आणि पुस्तकाशेजारी बोलणारं माणूसही होतं. कॅरींजवळ मराठी पंडित होते. आमच्या मुलांजवळ आता पुस्तक आलं आहे, तुम्ही दिलेल्या फोनमध्ये. माणूस कमी पडतंय.

म्हणून आज माझं मागणं पैशाचं नाही, म्हणजे पैशाचंही आहे, पण आधी वेळेचं. तुमच्यात निवृत्त शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, बँकेत, रेल्वेत नोकरी केलेले आहेत. संध्याकाळी सात ते सव्वासात, आठवड्यातून तीन दिवस, एका मुलाशी फोनवर साधं इंग्रजी बोलायचं. आज काय जेवलास, कोणता मासा मिळाला, पाणी किती उतरलं. चुकलं तर लगेच दुरुस्त करायचं नाही, तेच वाक्य बरोबर करून आपण म्हणायचं. मुलाचा नंबर कोणाला मिळणार नाही. फोन अभ्यासिकेच्या नंबरवर लागेल आणि कार्यकर्ती शेजारी बसलेली असेल. नावनोंदणीची वही महिला मंडळाच्या टेबलावर ठेवली आहे. मघाशी सांगितलेल्या मुलीला परिचारिका राहिलेल्या दोन भगिनी हव्या आहेत. ती पुढच्या प्रवेशाच्या वेळी पुन्हा अर्ज भरते आहे, आणि तिला वॉर्डातले शब्द ऐकायचे आहेत. खाट, सलाईन, ताप, रात्रपाळी.

फोन देणाऱ्यांना एक विनंती. फुटलेल्या काचेचा चालेल, पण बॅटरी दोन तास टिकणारा द्या. देण्याआधी तुमचे फोटो आणि व्हॉट्सॲप काढा, आणि गूगल खातं आठवणीनं बाहेर काढा, नाहीतर तो तुमच्याच पासवर्डवर अडून बसतो आणि आम्हाला तुम्हाला शोधत फिरावं लागतं. मागच्या खेपेला आलेल्यांपैकी तीन फोन अजून कपाटात तसेच पडून आहेत. कोणाचे आहेत ते त्यांनी सभा संपल्यावर येऊन सांगावं. आणि चार्जर असेल तर तोही द्या.